आमरसाचा डबा, पनीरचं पाकीट आणि एकच तारीख

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,


मे महिना सरत आला की कोकणातल्या बागायतदारांमध्ये एकच चौकशी सुरू होते: यंदा कॅनिंगचा दर काय? पेटीत न बसलेला, डागी, आकारानं लहान राहिलेला हापूस क्रेटमधून कारखान्यात जातो. त्याचा रस काढतात, तापवतात आणि ८५० ग्रॅमच्या पत्र्याच्या डब्यात बंद करतात. हा डबा कुणाच्या घरी गणपतीत उघडला जातो, कुणाच्या घरी दिवाळीत, तर कुणी तो बॅगेत घालून परदेशी असलेल्या मुलीकडे नेतो. डब्याच्या बुडाशी शाईनं एक तारीख उमटवलेली असते. ती तिथं असते ती आपल्या प्राधिकरणाच्या नियमामुळे. त्या तारखेबद्दल हे पत्र आहे.

लेबलिंग आणि प्रदर्शनाबाबतच्या २०२० च्या विनियमांत आपण ‘एक्स्पायरी’ किंवा ‘युज बाय’ ही तारीख बंधनकारक केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवली. दोन्हींच्या व्याख्या त्याच विनियमांत आहेत आणि त्या चांगल्या आहेत. ‘बेस्ट बिफोर’ उलटल्यावर पदार्थाची प्रत उतरलेली असेल, पण तो खायला पूर्णपणे सुरक्षित असू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ‘युज बाय’ उलटल्यावर मात्र अपेक्षित प्रत आणि सुरक्षितता बहुधा उरणार नाही, म्हणून तो पदार्थ विकायचा नाही. इतका स्पष्ट फरक कागदावर केल्यानंतर तो लेबलवर का उतरू नये, हे मला समजत नाही. मोजके अपवाद सोडले तर आज पनीरच्या पाकिटावर जी सक्तीची तारीख आहे, तीच आमरसाच्या डब्यावर आहे, तीच लोणच्याच्या बरणीवर आणि तीच मक्याच्या दाण्यांच्या डब्यावर. पनीर चार दिवस जास्त राहिलं तर पोट बिघडेल. आमरसाचा डबा चार महिने जास्त राहिला तर त्याचा रंग थोडा काळवंडेल आणि वास मंदावेल. घरातल्या माणसाला हा फरक कळण्याची कुठलीच सोय त्या डब्यावर नाही.

यातून दोन गोष्टी घडतात. तारीख उलटली म्हणून चांगलं अन्न कचऱ्यात जातं, ही एक. दुसरी मला जास्त गंभीर वाटते: तारीख उलटलेली नाही म्हणून फुगलेला डबा, गळकी बरणी, वास न येणारं पण बिघडलेलं लोणचं माणूस निर्धास्तपणे खातो. तारखेवर इतका भरवसा टाकायला आपण लोकांना शिकवलं आहे की डबा हातात घेऊन, फिरवून पाहण्याची सवयच राहिलेली नाही.

डबा सुरक्षित राहतो तो कशामुळे, हे आधी सांगायला हवं. तंत्र दोनशे वर्षांहून जुनं आहे. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली आणि १८१० मध्ये ती पुस्तकरूपानं जाहीर केली. त्याबद्दल फ्रेंच सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. अन्न का टिकतं हे मात्र आपेरला ठाऊक नव्हतं. ते कळायला पाश्चरची वाट पाहावी लागली. आणि सगळ्यात धोकादायक जंतूची ओळख पटायला एकोणिसावं शतक संपत आलं. बेल्जियममधल्या एका गावात खारवलेलं डुकराचं मांस खाऊन माणसं दगावली, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम या वैद्यकतज्ज्ञानं तो जंतू शोधून काढला. आज आपण त्याला क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतो.

हा जंतू मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. हवा असेल तिथे तो वाढत नाही. जिथे हवा नाही, ओलावा आहे, ऊब आहे, आंबटपणा कमी आहे आणि मीठ-साखर बेताची आहे तिथे तो वाढतो आणि विष सोडतो. म्हणजे नीट न तापवलेला बंद डबा ही त्याला हवी तशी जागा. सगळं डबाबंद अन्नशास्त्र दोन आकड्यांभोवती उभं आहे. पहिला, पीएच ४.६. पदार्थाची आम्लता याहून कडक असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असेल, तर हा जंतू त्यात वाढत नाही. दुसरा, १२१ अंश सेल्सिअस. पीएच वर असेल तर डब्याच्या अगदी मधल्या भागापर्यंत एवढं तापमान पोचून निदान तीन मिनिटं टिकलं पाहिजे. ते उघड्या भांड्यात मिळत नाही, दाबाखालीच मिळतं. आंबा, अननस, कैरी, चिंच, कोकम हे आंबट गटातले. मका, मटार, आळंबी, राजमा, बटाटा, मासे, मांस दुसऱ्या गटातले. टोमॅटो कुंपणावर बसतो, म्हणूनच त्यात सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालायचा असतो.

एकदा का ही दोन पथ्यं पाळली गेली आणि डबा हवाबंद झाला, की आत काही जिवंत उरत नाही जे नेहमीच्या तापमानात पुढे वाढेल. मग काळ जाईल तशी चव जाते, रंग जातो, जीवनसत्त्वं जातात. विष मात्र आपोआप तयार होत नाही. ‘बर्ट्रांड’ नावाची आगबोट १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मिसुरी नदीत बुडाली. शंभरेक वर्षांनी, १९६८ मध्ये, चिखलात गाडलेलं ते जहाज सापडलं. त्यातले पीच, कालवं, टोमॅटो, भाज्या यांचे डबे १९७४ मध्ये रसायनतज्ज्ञांनी तपासले. १०९ वर्षांनंतरही त्यांत जंतूंची वाढ नव्हती. ताजेपणाचा वास आणि रूप गेलं होतं, क आणि अ जीवनसत्त्व बरंचसं उतरलं होतं, पण प्रथिनं शाबूत होती. कुणी शंभर वर्षांचा डबा खावा असं माझं म्हणणं नाही. आतलं अन्न निर्जंतुक झालं असेल आणि डबा अभंग असेल तर त्याची सुरक्षितता कॅलेंडर ठरवत नाही, एवढंच यातून दिसतं.

म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मला घरगुती वापरासाठी फार उपयोगी वाटतो. आंबट डबाबंद पदार्थ दर्जासाठी १२ ते १८ महिन्यांत संपवा, कमी आंबट पदार्थ २ ते ५ वर्षांत. त्यानंतरही डबा फुगलेला, गंजलेला, चेपलेला नसेल आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेला असेल तर तो सुरक्षित असतो. यात एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: आंबट पदार्थाचा डबा जंतूंच्या दृष्टीनं जास्त सुरक्षित, पण टिकतो कमी. कारण आम्ल पत्र्याला आतून खातं. कथील रसात उतरतं, चवीला धातूचा कस येतो. कथिलाची कमाल मर्यादा आपल्याच मानकांत डबाबंद पदार्थांसाठी २५० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी आहे. डबा उघडल्यावर हवा लागून हे कथील आणखी वेगानं उतरतं. म्हणून उरलेला आमरस त्याच डब्यात झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवू नये; काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावा. आंबट पदार्थ असा ५ ते ७ दिवस राहतो, मका-मटार-मासे ३ ते ४ दिवस. ८५० ग्रॅमचा डबा दोन माणसांच्या घरात एका बैठकीत संपत नाही. तरीही उघडल्यानंतर किती दिवसांत संपवा, हे अनेक डब्यांवर शोधून सापडत नाही. बंद डब्यावरची दोन वर्षांची तारीख ठळक, आणि उघडल्यानंतरच्या आठवड्याबद्दल अक्षर नाही. धोका मात्र त्या आठवड्यातच जास्त.

तारीख उलटली तरी अखंड डबा चालतो, याला एक अपवाद मी आवर्जून सांगेन. तान्ह्या बाळाच्या डबाबंद दुधाची तारीख काटेकोर पाळायची. बाळाचा सगळा आहार तोच असतो आणि तारखेनंतर त्यातली पोषणमूल्यं लेबलवर लिहिल्याइतकी राहतीलच असं नाही.

आता ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ या वाक्याकडे यावं लागेल. आपल्या व्याख्येतच म्हटलं आहे की तारीख ही सांगितलेल्या साठवणुकीच्या परिस्थितीतली तारीख असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथल्या मे महिन्यात ही थंड जागा नेमकी कुठे आहे? पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखालच्या किराणा दुकानात, गोदामात, दुपारी उभ्या केलेल्या टेम्पोत त्याहून जास्त. डबाबंद अन्न ३८ अंशांच्या वर ठेवू नये, असा साधारण संकेत आहे. कारण साधं आहे. कारखान्यातून निघालेल्या डब्यात उष्णतेवर प्रेम करणारे काही निरुपद्रवी बीजाणू उरू शकतात. नेहमीच्या तापमानात ते झोपलेले असतात, कडक उष्णतेत जागे होतात आणि डबा न फुगवता अन्न आंबवतात. शिवाय चव आणि रंग बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. म्हणजे रत्नागिरीच्या कारखान्यातून निघालेल्या एकाच घाण्यातले दोन डबे, एक महाबळेश्वरला गेलेला आणि एक वर्ध्याला, वर्षभरानं सारखे नसतात. तारीख मात्र दोघांवर सारखीच. उष्ण प्रदेशासाठी वेगळी तारीख छापा असं मी म्हणणार नाही, ते व्यवहारात बसणार नाही. पण ‘३८ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका’ हा आकडा लेबलवर आला तर दुकानदाराला डबे उन्हाकडच्या भिंतीपासून हलवायला एक निमित्त मिळेल. ‘थंड’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावतो.

पुराचं तसंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर दुकानांतला आणि घरांतला सगळा माल रस्त्यावर येतो, आणि अशा वेळी माणसाला कुणीतरी नेमकं सांगायला हवं असतं की यातलं काय ठेवायचं. कारखान्यातून आलेला अखंड पत्र्याचा डबा, गंज आणि चेप नसेल तर, वाचवता येतो. त्याचं लेबल काढायचं, चिखल साबणानं धुऊन काढायचा, डबा पाण्यात पूर्ण बुडवून पाणी उकळू लागल्यावर दोन मिनिटं ठेवायचा, आणि आत काय आहे व तारीख काय होती ते न पुसणाऱ्या पेननं वर लिहायचं. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या मात्र, मग त्या सीलबंद का असेनात, टाकायच्या. झाकणाच्या कडेखाली शिरलेलं पुराचं पाणी धुऊन निघत नाही. घरी भरलेल्या बरण्याही गेल्या असंच समजायचं. दोन महापूर पाहिलेल्या या पट्ट्यात एवढी माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असायला हवी. पावसाळ्याआधी मराठीत एक पानी सूचना काढणं आपल्या प्राधिकरणाला आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला जड नाही.

माझी खरी काळजी मात्र डब्यांची नाही, बरण्यांची आहे.

महाराष्ट्रात लोणचं, मुरांबा, साखरांबा, आगळ, चटण्या करणाऱ्या बायकांचे बचत गट गावोगाव आहेत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेमुळे २०२० नंतर त्यांतल्या अनेकींनी यंत्रं घेतली, नोंदणी केली, बाटलीवर आपला नोंदणी क्रमांक छापला. प्रदर्शनांत त्यांच्या टेबलांशी उभं राहून मी नेहमी एक प्रश्न विचारते: ही तारीख कशी ठरवलीत? बहुतेक वेळा उत्तर येतं, मोठ्या कंपनीच्या बाटलीवर जेवढे महिने असतात तेवढे घातले. यात त्यांचा दोष मला दिसत नाही. तारीख घाला असं त्यांना सांगितलं गेलं. ती कशावरून काढायची, हे कुणी शिकवलं नाही.

जुन्या कैरीच्या लोणच्याला तारीख लागत नव्हती, कारण त्याची रचनाच राखणदाराची होती. कैरी मुळात आंबटढाण. वर भरपूर मीठ, मोहरी, हिंग, हळद. बरणी उन्हात वाळवलेली, हिंगाची धुरी दिलेली, तेलाचा थर फोडींच्या वर, तोंडाला दादरा बांधलेला, आणि आत जाणारा चमचा कोरडा. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी जंतूची वाट अडवत होती. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याला मीठ हाच मुख्य रक्षक असेल तर ते १२ टक्क्यांहून कमी नसावं, असं आपलं मानक सांगतं. ते याच अनुभवाचं शास्त्रीय रूप आहे. दहा टक्क्यांच्या आसपासच्या मिठात बॉट्युलिनम वाढत नाही.

गेल्या काही वर्षांत ही रचना एकेका बाजूनं सैल होत चालली आहे. रक्तदाबामुळे कमी मिठाचं लोणचं हवं. वजनामुळे कमी तेलाचं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ ही ओळ बाटलीवर मोठ्या अक्षरांत हवी, म्हणून व्हिनेगरसुद्धा नको. आणि लोणचं आता कैरी-लिंबापुरतं राहिलेलं नाही. सोललेल्या लसणाचं, हिरव्या मिरचीच्या ठेच्याचं, आळंबीचं, कोळंबीचं, चिकनचं लोणचं बाटलीत भरून विकलं जातं. या सगळ्या कमी आंबट वस्तू. त्यांच्यावर तेल ओतलं की हवा बंद होते. मीठ कमी, आंबटपणा कमी, हवा नाही आणि स्वयंपाकघराची ऊब. तेलाचा थर बुरशी रोखतो हे खरं, पण या एका जंतूला तो हवा तसा आडोसा देतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच जंतूच्या विषाचा आजार, झाला. तो लसूण फ्रिजबाहेर राहिला होता. चार वर्षांनी न्यूयॉर्क राज्यात तेलातल्या लसणानंच पुन्हा माणसं आजारी पडली, तेव्हा अशा पदार्थात आम्ल घालणं अमेरिकेत सक्तीचं झालं. २०१५ मध्ये ओहायोतल्या एका चर्चच्या सहभोजनात घरी बाटलीबंद केलेल्या बटाट्यांचं सॅलड होतं. बटाटे दाबाखाली न तापवता नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवले होते. २९ जण आजारी पडले, एक स्त्री दगावली. हे आपल्याकडे होत नाही असं म्हणण्याची सोय नाही: १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत शेवेतून ३४ विद्यार्थ्यांना बॉट्युलिझम झाला. त्या वेळी विष तयार केलं होतं ते या जंतूच्या एका जवळच्या भाऊबंदानं.

हा आजार क्वचित होतो. पण होतो तेव्हा तो अपचनासारखा जात नाही. बारा ते छत्तीस तासांत डोळ्यांपुढे दोन दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि मग श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. अन्नाला वास असतोच असं नाही, चव बदलतेच असं नाही. ‘जरा चाखून बघ’ हा आपल्या घरांतला सर्वांत सहज सल्ला इथे सर्वांत वाईट आहे. विष दहा मिनिटं खळखळून उकळल्यानं निकामी होतं, हे खरं. पण लोणचं कोण उकळतं?

घरच्या कुकरबद्दलही एक गैरसमज आहे. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून बाटली कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या केल्या की भाजी वर्षभर टिकेल, असं शिकवणारे व्हिडिओ लोक पाहतात आणि करतात. कुकरमधल्या वाफेचं तापमान म्हणजे बाटलीच्या मध्यभागी असलेल्या घट्ट रश्शाचं तापमान नव्हे. ते तिथे पोचायला किती वेळ लागतो हे बाटलीच्या आकारावर आणि पदार्थाच्या दाटपणावर ठरतं, आणि ते मोजूनच कळतं. परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी घरची भाजी बाटलीबंद करून देणारे छोटे व्यवसाय पुण्या-मुंबईत वाढले आहेत. आईच्या हातची चव पोचवण्याची ती धडपड मला मनापासून समजते. म्हणूनच ती मोजून-मापून व्हावी असं वाटतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं आणि तिथल्याच संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेनं तापवून टिकवलेल्या पाकीटबंद अन्नाचं शास्त्र या देशात कित्येक वर्षं विकसित केलं आहे. ज्ञान आपल्याकडे आहे. ते बचत गटाच्या ओट्यापर्यंत आलेलं नाही.

म्हणून आपल्याकडे काही मागायचं आहे.

पहिलं मागणं नियमाचं. महिनोन्‌महिने बाहेर टिकणाऱ्या, नीट प्रक्रिया केलेल्या हवाबंद पदार्थांवर ‘बेस्ट बिफोर’ हीच मुख्य तारीख असू द्या. ‘युज बाय’ लवकर नासणाऱ्या पदार्थांसाठी राखून ठेवा. हे नवं नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संहितेच्या लेबलिंग मानकात हाच भेद आहे, युरोपीय संघात हाच आहे, आणि कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा करून याच दोन संज्ञा ठरवून दिल्या. युरोपीय आयोगाच्या २०१८ च्या अभ्यासानुसार तिथल्या अन्न-नासाडीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग तारखांशी जोडलेला होता. आपल्याकडे खुल्या मिठाईवरही ‘बेस्ट बिफोर’ लिहिण्याची सक्ती आपण १ ऑक्टोबर २०२० पासून केलीत. पेढ्याच्या ताटाला जी संज्ञा चालते ती आमरसाच्या डब्याला चालायला हरकत नसावी. मला तर वाटतं, पेढ्याला ‘युज बाय’ आणि डब्याला ‘बेस्ट बिफोर’ हे जास्त योग्य झालं असतं.

यावर आक्षेप येईल तो मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. आपल्या बाजारात तारखा खोडून नव्या छापणारी माणसं आहेत. नियम सैल केला तर जुना माल गरिबांच्या वस्तीत स्वस्तात खपवला जाईल. म्हणूनच दुकानातल्या विक्रीवरचं बंधन काढा असं मी म्हणत नाही. दुकानदारानं तारखेनंतर विकू नये, हे राहू द्या. पण विकत घेऊन घरी आणलेल्या डब्याचं काय करायचं, हे ग्राहकाला कळण्याचा हक्क आहे. विक्रीची शिस्त आणि खाणाऱ्याला द्यायची माहिती एकाच तारखेवर लादल्यामुळे दोन्हींचं नुकसान होतं.

दुसरं, डब्याच्या अंगावर धोक्याच्या खुणा चित्रांतून येऊ द्या. फुगलेलं टोक, गळती, खोल गंज, सांध्यावरचा चेप किंवा बोट बसेल इतका खोल खड्डा, उघडताना उडालेला फेस, आणि काचेच्या बाटलीच्या झाकणावरचं वर आलेलं बटण: यांपैकी काहीही दिसलं तर तारीख न बघता, न चाखता टाकून द्यायचं. आपल्या विनियमांप्रमाणे लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पुरतो, बाकीच्या भाषा ऐच्छिक आहेत. माण-खटावच्या वाडीतल्या आजीला यातली कुठलीच वाचता येत नसेल. चित्र तिला कळेल. शाकाहारी-मांसाहारी ओळखण्यासाठीची खूण या देशातल्या निरक्षर माणसालाही कळते. हे काम आपण एकदा करून दाखवलेलं आहे. त्याच चित्राशेजारी ‘उघडल्यावर इतके दिवस’ हा आकडा सक्तीचा करा.

आणि तिसरं मागणं मला सगळ्यांत जवळचं आहे. कमी आंबट वस्तूंची लोणची, तेलातल्या चटण्या, बाटलीबंद भाज्या करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत छोट्या उत्पादकाला पीएच मोजायला शिकवा. प्रत्येक घाण्याचा पीएच वहीत लिहून ठेवणं ही नोंदणीची अट असू द्या, आणि ते मोजायचं साधं यंत्र योजनेच्या अनुदानात बसवा. आज अनुदानातून पॅकिंगचं यंत्र मिळतं, बाटलीला सुंदर झाकण बसतं, आणि आतला आंबटपणा किती हे कुणालाच ठाऊक नसतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं हे प्रशिक्षण एका दिवसात देऊ शकतील. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किती घालायचा, मीठ कमी केलं तर आम्ल किती वाढवायचं, हे एकदा हाताला कळलं की तारीख कुठून आणायची हा प्रश्न त्या बायकांना पडणार नाही. त्या ती स्वतः काढतील. बुरशीचा पांढरा थर वरवर काढून खालचं विकायचं नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाकावं. बुरशी आम्ल खाऊन टाकते आणि खालच्या भागात बॉट्युलिनमला वाट करून देते.

पुढच्या हंगामात कॅनिंगचा दर फुटेल, बचत गटांच्या अंगणात कैऱ्यांच्या फोडी मिठात मुरायला पडतील. त्याआधी निदान तिसऱ्या मागणीचा आदेश निघावा. त्याला कायदा बदलावा लागत नाही, नोंदणीच्या अटींत एक ओळ वाढवावी लागते.

कळावे.

आपली,
एक ग्राहक